नाताळ, दांभिकता आणि धर्मसमीक्षेची कसोटी

धर्मसंस्थांच्या सणांची समीक्षा दोन प्रकारांनी होऊ शकते. सण कोठून आला, त्याची तिथी खरी की कल्पित, त्यामागील कथा इतिहासाला धरून आहे की नाही, असे प्रश्न विचारणारी समीक्षा हा पहिला प्रकार होय. सणाच्या दिवशी जे बोलले जाते ते उरलेल्या दिवसांत कोण पाळतो आणि कोणाच्या बाबतीत पाळले जात नाही, हे विचारणारी समीक्षा हा दुसरा प्रकार. युरोप-अमेरिकेतील बुद्धिवाद्यांनी ख्रिस्ती सणांविषयी जे लिहिले त्यातील बराच भाग पहिल्या प्रकारात मोडतो आणि आपल्याकडील अनेक लेखक त्याचीच री ओढतात. ही समीक्षा खरी असूनही अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. दुसऱ्या प्रकारची समीक्षा अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस यांनी आणि भारतात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केली. बौद्ध वाचकाला तीच अधिक उपयोगी आहे. कारण ती दुसऱ्याच्या धर्माची परीक्षा घेऊन थांबत नाही, परीक्षकालाही सोडत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारख्या गावी 'नाताळ' हा शब्द सणाचे नाव म्हणून कमी आणि शाळा-कचेरीच्या सुट्टीचे नाव म्हणून अधिक ओळखीचा आहे. शब्द मूळचा पोर्तुगीज. जन्म या अर्थाचा. तो कोकणातून मराठीत रुळला. वऱ्हाडात ख्रिस्ती धर्म आला तो मात्र पोर्तुगीजांबरोबर नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर. अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा या गावांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने ठाणी उभारली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुलांना मिशनऱ्यांनी आसरा दिला. याच दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत आणि गुजरात येथून शेकडो मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. ज्यांच्या हातचे पाणीही वर्ज्य होते त्यांना जवळ घेणारे हात तेव्हा मिशनचे होते. ख्रिस्ती धर्माच्या समीक्षेचा आरंभ ही गोष्ट मान्य करूनच केला पाहिजे. मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली प्रसिद्ध झाला तो 'ज्ञानोदय' या मिशनरी पत्रातच, हेही विसरून चालणार नाही.

तिथीची समीक्षा

पहिल्या प्रकारच्या समीक्षेचे मुद्दे आता सर्वमान्य म्हणावेत असे आहेत. येशूच्या जन्माची कथा चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोहोंतच येते आणि त्या दोहोंतही जन्माची तारीख नाही. 25 डिसेंबर या तारखेचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख रोममध्ये इसवी सन 354 मध्ये संकलित झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडतो. म्हणजे येशूनंतर तीन शतकांहून अधिक काळाने. त्याच ग्रंथात त्याच तारखेला 'अजिंक्य सूर्या'च्या जन्मोत्सवाचीही नोंद आहे आणि सम्राट ऑरेलियनने रोममध्ये या सूर्यदेवाचे मंदिर 274 साली उभारले होते. ख्रिस्ती लोकांनी सूर्योत्सव आपलासा केला, असे काही अभ्यासक म्हणतात. येशूच्या मातेला गर्भ राहिला तो दिवस 25 मार्च मानून त्यावरून नऊ महिन्यांचा हिशेब केला गेला, असे दुसरे काही म्हणतात. दोहोंपैकी कोणतेही मत घेतले तरी जन्मतारीख म्हणून तिला ऐतिहासिक आधार नाही. ईस्टरचे तर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर गणित बसवलेले आहे. ते एकच असावे असे 325 साली निकाया येथील धर्मपरिषदेने ठरवले, तरी पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील चर्चचे ईस्टर आजही बहुधा वेगवेगळ्या रविवारी येते.

हे आक्षेप केवळ नास्तिकांनी घेतले असे नाही. इंग्लंडमधील प्युरिटन पंथीयांनी बायबलात आधार नाही याच कारणास्तव नाताळ नाकारला. जून 1647 मध्ये तेथील संसदेने नाताळ व ईस्टर हे दोन्ही सण रद्द केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला, तो कायदा 1681 पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 साली मिळू लागली. पुढे 1891 साली रॉबर्ट इंगरसॉल या अमेरिकन वक्त्याने नाताळवर एक निबंध लिहून खळबळ उडवली. आनंदाची वार्ता आणली म्हणणाऱ्या धर्माने प्रत्यक्षात अनंतकाळच्या नरकाची भीती आणली, हा त्याचा मुख्य आरोप होता.

या समीक्षेची मर्यादा कोणती? तिथी उसनी आहे म्हणून सण खोटा ठरत असेल, तर जगातील एकही सण खरा उरणार नाही. विजयादशमी या दिवसाला हिंदू परंपरेत एक अर्थ आहे. अशोक विजयादशमी म्हणून त्याला दुसरा अर्थ आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जे घडले त्याने त्याला तिसरा अर्थ दिला. अर्थ बदलणे म्हणजे दंभ नव्हे. 'सिगालोवाद सुत्ता'त पित्याच्या सांगण्यावरून सहा दिशांना नमस्कार करणारा सिगाल हा तरुण तथागतांना भेटतो. ही प्रथा कोठून आली हे तथागत त्याला विचारीत बसत नाहीत. आई-वडील, आचार्य, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण यांच्याविषयीची कर्तव्ये म्हणजे सहा दिशा, असा नवा अर्थ ते देतात. प्रथेला आचरणाच्या कसोटीवर आणणे ही बौद्ध समीक्षेची रीत आहे. केवळ व्रतविधींना चिकटून राहण्याला पाली ग्रंथांत सीलब्बतपरामास म्हटले असून दहा संयोजनांत, म्हणजे बंधनांत, त्याची गणना केली आहे. तेव्हा प्रश्न तारखेचा नसून चिकटून राहण्याचा आणि त्याआड काय झाकले जाते याचा आहे.

आचरणाची समीक्षा

फ्रेडरिक डग्लस हे गुलाम म्हणून जन्मले आणि पळून जाऊन मुक्त झाले. 1845 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी नाताळच्या सुट्टीविषयी जे लिहिले ते इंगरसॉलच्या टीकेहून पुष्कळ खोल जाणारे आहे. नाताळ ते नववर्ष हे दिवस गुलामांना मोकळे दिले जात. मालक ही आपली दया समजत. डग्लस यांच्या मते ती दया नव्हती. बंडाची वाफ निघून जाण्यासाठी ठेवलेली ती वाट होती. या दिवसांत गुलामांनी भरपूर दारू प्यावी, नाचावे, लोळावे यासाठी मालक उत्तेजन देत आणि जो गुलाम त्या दिवसांत स्वतःसाठी काही कामधंदा करी त्याला सुट्टीस नालायक समजत. दारूने बेजार झालेल्या गुलामाला सुट्टी संपताना वाटावे की स्वातंत्र्यापेक्षा गुलामगिरी बरी. आपला रोष ख्रिस्तावर नसून चाबूक धरणाऱ्या हातांनी प्रार्थना करणाऱ्यांच्या धर्मावर आहे, हेही त्यांनी पुस्तकाच्या अखेरीस स्पष्ट केले आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या अर्पणाचा मर्म डग्लस यांचे हे विवेचन वाचले म्हणजे अधिक उमगते. आपल्या गावगाड्यात सणाचा दिवस हा महार-मांगांना घरोघरी जाऊन उरलेसुरले अन्न मागण्याच्या 'हक्का'चा दिवस होता. पुरणपोळीचा तुकडा टोपल्यात पडे आणि त्यालाच गावाचे औदार्य म्हटले जाई. वर्षभराच्या राबणुकीचा हिशेब त्या तुकड्यात बुडत असे. सण हा अन्यायाला विश्रांती देतो आणि विश्रांती मिळाल्यामुळे अन्याय टिकतो, ही गोष्ट अमेरिकेतील मळ्यात आणि वऱ्हाडातील गावकुसाबाहेर सारखीच खरी होती.

याच दृष्टीने पाहिले तर पहिल्या महायुद्धातील 1914 च्या नाताळची कथाही वेगळी दिसते. पश्चिम आघाडीवर कित्येक ठिकाणी इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले, त्यांनी एकमेकांना सिगारेटी दिल्या, आपापले मृत पुरले. ही गोष्ट हृदयस्पर्शी आहेच. परंतु असे पुन्हा घडू नये म्हणून दोन्हीकडील वरिष्ठांनी हुकूम काढले आणि ख्रिस्ती राष्ट्रांचे ते युद्ध 1918 पर्यंत चालले. सैनिकांनी सणाचा अर्थ खरा मानला. सत्तेने तो एका दिवसापुरताच मानला.

चर्चमधील जात

भारतात ख्रिस्ती दांभिकतेची खरी जागा तारखेत नाही, जातीत आहे. देवापुढे सर्व समान असा निर्वाळा देणाऱ्या धर्मसंस्थेने जातीशी तडजोड केली ती अजाणता नव्हे. दक्षिणेत उच्चवर्णीयांना ख्रिस्ती करण्यासाठी रॉबर्ट डी नोबिली या जेझुइट धर्मगुरूने स्वीकारलेल्या मार्गाला पोप पंधरावा ग्रेगरी याने 1623 साली मान्यता दिली. जानवे, शेंडी, गंध, स्नान या गोष्टी मूर्तिपूजेच्या हेतूविना धर्मांतरितांना ठेवता येतील, असा तो निर्णय होता. प्रॉटेस्टंटांत कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 साली याउलट भूमिका घेतली. चर्चमधून जात तत्काळ व कायमची गेलीच पाहिजे, असे त्यांनी दक्षिणेकडील मंडळ्यांना कळवले. परिणाम असा झाला की उच्चजातीय ख्रिस्ती मोठ्या संख्येने ते चर्च सोडून गेले. येशूला ते सोडू इच्छीत नव्हते. जातीला तर मुळीच नाही.

गोव्यातील उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. 1560 मध्ये सुरू होऊन 1812 मध्ये संपलेल्या धर्मन्यायसभेने म्हणजे इन्क्विझिशनने धर्मांतरितांच्या घरातील तुळस, धोतर-चोळी, लग्नातील गाणी अशा बारीकसारीक गोष्टींवर बंदी घातली. जुन्या धर्माचा गंधही उरू नये यासाठी एवढी दक्षता घेणाऱ्या सत्तेच्या छायेत बामण, चारडो आणि सुदीर हे भेद मात्र ख्रिस्ती समाजात सुखरूप राहिले. तुळस काढली गेली, जात राहिली. कुंकळ्ळी येथील आरोग्यमातेच्या चर्चचे फेस्त हे याचे ठळक उदाहरण होय. त्या फेस्ताचा मान गावकऱ्यांच्या वंशजांच्या कोंफ्रारीकडे, म्हणजे धर्मबंधुमंडळाकडे होता आणि त्याच चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्या इतर ख्रिस्ती कुटुंबांना तिचे सभासदत्व मिळत नव्हते. त्यावरून तेथे वर्षानुवर्षे वाद चालला. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागात तर कॅथलिक दफनभूमीतच दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी केली गेली. मृतांच्या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर. आणि पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्या मृतांमध्ये भिंत! यापुढे तिथीचा वाद क्षुल्लक वाटतो.

चर्चमध्ये याची खंत असणारी माणसे नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही सामावणारा 'देवाचा दरबार' सुरू केला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सोवळेओवळे अंगातून जाताना एका स्त्रीला किती झगडावे लागले याचे प्रांजळ चित्र आहे. परंतु टिळकांची प्रतिष्ठा आणि अहमदनगरकडील हजारो महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांचे अनामिक जीवन यांतील अंतरही याच इतिहासाचा भाग आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याला जेवढी पाने मिळाली तेवढी दुसऱ्यांना मिळाली नाहीत.

बाबासाहेबांची कसोटी

1935 च्या येवले घोषणेनंतर ख्रिस्ती धर्मगुरूंनी बाबासाहेबांचे स्वागत करण्याची तयारी दाखवली होती. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला आकर्षित केल्याचे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते आणि भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही, हेही तोंडावर सांगितले. आमंत्रण देणाऱ्याच्या मंचावरून असे बोलणे हा समीक्षेचा नैतिक आदर्श होय.

हा विषय त्यांनी दोन दीर्घ निबंधांत मांडला. ते त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले आणि 1989 साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात आले. त्यांतील दोन मुद्दे येथे महत्त्वाचे आहेत. पहिला मुद्दा असा की मिशनने महाविद्यालये आणि रुग्णालये काढली खरी, पण त्यांचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला आणि चर्चमध्ये आलेला अस्पृश्य मागेच राहिला. ब्राह्मण ख्रिस्ती, मराठा ख्रिस्ती, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती असे भेद कायम राहिले आणि रोटीबेटीचे व्यवहारही त्यांच्यात झाले नाहीत. दुसरा मुद्दा तात्त्विक आहे. मनुष्याच्या पतनाचे कारण त्याचे पाप, असे शिकवल्यामुळे अन्यायाचे कारण समाजरचनेत शोधण्याची धर्मांतरिताची वृत्ती मंदावते. तो स्वतःच्या आत्म्याच्या उद्धाराची चिंता करतो, वस्तीच्या पाण्याची करीत नाही. बाबासाहेब येशूच्या जन्मतारखेचा प्रश्न उपस्थित करीत नाहीत. या धर्माने माणसाच्या माणसाशी असलेल्या संबंधात काय बदल केला, एवढेच ते विचारतात.

याच कसोटीवर 25 डिसेंबर हा दिवस आपल्याकडे नव्या अर्थाने उभा राहिला. इंग्रजी अमलात नाताळच्या आठवड्यात कचेऱ्या, न्यायालये, शाळा बंद असत. म्हणून राष्ट्रीय सभेची अधिवेशनेही बहुधा याच आठवड्यात भरत. महाडची सत्याग्रह परिषदही याच आठवड्यात, 25 डिसेंबर 1927 पासून भरली. जागा कोणी देईना तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला आणि त्याच रात्री तो अमलात आला. सत्तावीस वर्षांनी, 25 डिसेंबर 1954 रोजी, देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. राज्यकर्त्यांच्या धर्माने मोकळा केलेला दिवस अस्पृश्यांनी आपल्या कृतीने भरला. त्या दिवसाचे माहात्म्य आकाशातील ताऱ्यावरून आलेले नाही, केलेल्या कृतीवरून आलेले आहे.

दुहेरी दंभ आणि आपली जबाबदारी

चर्चमधील जातीचा प्रश्न आज केवळ धार्मिक राहिलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. 1985 च्या सूसै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही तेच सामाजिक अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, हे पुराव्याने दाखवले पाहिजे. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली. 2022 मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.

येथे दंभ दुहेरी आहे. शासन म्हणते, तुमच्या धर्मात जात नाही, म्हणून तुम्हाला संरक्षण नाही. चर्चने दीर्घकाळ तेच म्हटले आणि आत जात पाळली. दोघांच्या सोयीच्या या वाक्याखाली दलित ख्रिस्ती माणूस चिरडला गेला. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दलितविषयक धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव असल्याची कबुली दिली. ही कबुली उशिरा आली, तरी तिचे मोल आहे; तिने निदान एका बाजूचे खोटे बोलणे थांबवले. ज्या बौद्धांना 'तुमच्या धम्मात जात नाही' हेच उत्तर 1990 पर्यंत ऐकावे लागले, त्यांनी तरी हे उत्तर दुसऱ्याला देऊ नये. आरक्षणात वाटेकरी वाढतील अशी भीती आपल्यातील काहीजण खासगीत बोलून दाखवतात. ती भीती समजण्यासारखी आहे; परंतु वाटा वाढवून मागण्याचा प्रश्न वेगळा आणि पीडिताला पीडित न म्हणण्याचा प्रश्न वेगळा. पहिल्यासाठी लढता येते. दुसऱ्यासाठी कोणतेही समर्थन धम्मात सापडणार नाही.

आणि शेवटी हीच कसोटी आपल्या सणांना लावली पाहिजे. नाताळच्या झाडाला हसणारा माणूस बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून घरात सत्यनारायण घालीत असेल, वैशाख पौर्णिमेला पंचशील घेऊन जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचत असेल, मनुस्मृती दहनाचे भाषण करून मुलीच्या लग्नात पोटजात पाहत असेल, मातंग शेजाऱ्याशी सोयरीक नको म्हणत असेल, तर त्याचा दंभ कुंकळ्ळीच्या कोंफ्रारीहून वेगळा कसा? 1990 च्या दशकापासून 25 डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळला जाऊ लागला आहे. त्या दिवशी विहारात व्यासपीठावर किती स्त्रिया बसतात आणि स्वयंपाकाच्या चुलीपाशी किती, हे मोजले तरी आपल्या सणाची परीक्षा पुरी होईल.

धामणगाव बढे आणि त्यासारख्या गावांतील विहारांनी येत्या 25 डिसेंबरला महाडच्या ठरावाचे वाचन करावेच. त्याबरोबर जवळच्या मिशनच्या गावातील महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांना सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या तोंडून त्यांची स्थिती ऐकावी. ते आपले विरोधक नाहीत. दुष्काळात, अपमानात आणि शिक्षणाच्या शोधात दुसऱ्या दाराने बाहेर पडलेले ते आपलेच आप्त आहेत. त्यांच्या सणावर टीका करण्याचा अधिकार त्यांच्याबरोबर बसून जेवल्यावर आपल्याला मिळेल, आणि आपल्या सणांवर टीका करण्याचा तोच अधिकार त्यांनाही द्यावा लागेल.